वाढत्या अंगाचा कोट

मास्तरांनी उभ्या जन्मात कुणालाही बेताच्या मापाचा कपडा शिवला नाही.

त्याला कारण होतं. दुकान शाळेच्या गणवेशांचं. गिऱ्हाईक सगळं वाढत्या अंगाचं. आज माप घ्यावं, तर शाळा उघडेपर्यंत पोरगं बोटभर उंच झालेलं. म्हणून मास्तर पँटच्या पायात चार बोटं कापड आत दुमडून ठेवायचे, कमरेला मागून सोडायचे, बाह्यांनाही हात आखडता घ्यायचे नाहीत. आया खूश असायच्या. पोरं आरशासमोर रडकुंडीला यायची. "पुढच्या वर्षी बसेल," मास्तर सांगायचे. आणि पुढच्या वर्षी कपडा खरंच बसायचा.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. तिच्यामागे लांबलचक, अंधारा बोळ. बोळाच्या टोकाला ताईची खोली. ताई ही मास्तरांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर कडेवरच्या मुलाला घेऊन भावाकडे आली, ती इथलीच झाली. मास्तर पुढे मशीनवर शिवायचे, ताई मागे खिडकीपाशी बसून हाताचं काम करायची. काजं, बटणं, खालच्या दुमडीचे टाके. तिचा टाका शोधायला कापड उजेडात धरावं लागे. मास्तरांना हाताचं काम कधीच जमलं नाही. त्यांनी लावलेलं बटण गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत गिऱ्हाइकाच्या हातात यायचं. हे मास्तरांना माहीत होतं, ताईला माहीत होतं, आणि ताई ते विसरू देत नव्हती.

कपड्यांचा गठ्ठा घेऊन ताई दिवसभर बोळातून ये-जा करायची. अशाच एका खेपेला ती पडली. मशीन चालू होती. तिची हाक मास्तरांना ऐकू गेली नाही. दोरा संपला, मशीन थांबली, तेव्हा कुठे गेली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला. ताई म्हणाली, बघू. मास्तरांनी काठी आणून दिली, ती तिने खिडकीच्या गजाला टांगून ठेवली. "काठी म्हाताऱ्या बायका घेतात." तिला स्वतःला सत्तरी उलटून गेली होती. भिंत धरून ती पलंगावरून खुर्चीत यायची, खोलीला लागून असलेल्या न्हाणीपर्यंत जायची. बोळाकडे मात्र ती बघायचीसुद्धा नाही.

मग भाच्याचा फोन आला. ताईचा मुलगा आता दुसऱ्या शहरात चांगल्या नोकरीला होता.

"मामा, तुम्ही दिवसभर दुकानात. ती आत एकटी. परत पडली तर? तुमच्या मशीनच्या आवाजात तुम्हाला कळणार तरी आहे का?"

मास्तरांनी चालू मशीन थांबवली.

"पुढच्या महिन्यात येतो आणि आईला घेऊन जातो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याचं म्हणणं बरोबर होतं, हीच तर पंचाईत होती.

ताईला सांगितलं तेव्हा ती सुईत दोरा ओवत होती. "जाईन की," ती म्हणाली. "तिकडे लिफ्ट आहे." मग ओवलेला दोरा तिने काढून पुन्हा ओवला. मास्तरही 'राहा' म्हणाले नाहीत. या घरात कुणी कुणाला तसं म्हणायची पद्धत नव्हती. ताई पहिल्यांदा आली तेव्हाही कुणी म्हटलं नव्हतं. मास्तरांनी नुसती दुसरी खुर्ची आणली होती.

पण त्या दिवसापासून मास्तरांना एकच ध्यास लागला. दुकानातून ताईकडे जाईल आणि ताईकडून परत येईल असं काहीतरी हवं. त्याने काम आत न्यावं, चहा न्यावा, गोळ्या न्याव्यात. परत आलं की समजायचं, ताई ठीक आहे. नाही आलं की मशीन सोडून पळायचं. बाई ठेवायची ऐपत नव्हती. आणि ठेवली असती तरी ताईने तिला दुपारच्या आत पळवून लावलं असतं.

मापं घ्यायला ते एकदा एका शाळेत गेले होते, तेव्हा तिथे काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी गाडी त्यांनी पाहिली होती. ती करणाऱ्या पोराला त्यांनी इतके प्रश्न विचारले होते की त्याचं माप घ्यायचंच राहून गेलं. ती गाडी आता त्यांना आठवली. ते उठले आणि भंगारवाल्याकडे गेले.

"या मास्तर. काय पाहिजे?"

"दोन मोटरी. हळू चालणाऱ्या, पण दमाच्या."

"कशाला?"

"रोबो करतोय."

भंगारवाल्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या गळ्यातल्या टेपकडे. "घरी सांगून आलाय ना?"

"मोटरी आहेत का ते सांग."

"गाडीच्या काचेचे वायपर असतात ना, त्यांच्या आहेत. पण फुकट नाही हां, दोस्ती दोस्तीच्या जागी."

"तुझ्या पँटची चेन कधीपासून बिघडलीय?"

भंगारवाल्याने घाईघाईने शर्ट खाली ओढला. सौदा पटला.

त्यानंतर भंगारवाल्याचे दिवसच पालटले. बाबागाडीच्या चाकांसाठी मास्तरांनी त्याच्या शर्टांच्या विटलेल्या कॉलरी उलटवून दिल्या. टाकून दिलेल्या यूपीएसमधल्या बॅटरीसाठी त्याच्या ताडपत्रीला ठिगळ लावलं. अंधार पडला की आपोआप लागणारे दोन छोटे दिवे मिळाले, त्यांच्या बदल्यात त्याच्या बायकोच्या पडद्यांना झालर लागली. "मास्तर," भंगारवाला एकदा काकुळतीला येऊन म्हणाला, "अजून काहीतरी मागा ना. माझा कोट राहिलाय."

खाली जुन्या मशीनच्या टेबलाचा खण. खणाला चाकं आणि मोटरी. आत बॅटरी. पुढच्या बाजूला, फरशीपासून जरा वर, त्या दिव्यांमधले दोन डोळे. त्यांना अंधार-उजेड कळायचा. बोळात नेहमीच अंधार, म्हणून डोळ्यांच्या मध्ये टॉर्चचा बल्ब. आणि खणावर उभं काय करायचं, हा प्रश्न सुटला तो दुकानाच्या काचेकडे बघून. तिथे एक कापडी पुतळा वर्षानुवर्षं गणवेश घालून उभा असायचा. बिनडोक्याचा, बिनहाताचा, एका कुशीला उसवलेला. मास्तरांनी त्याचा गणवेश उतरवला, त्याला खणावर बसवला आणि त्याच्या पोटाशी पत्र्याचा ट्रे ठोकला.

पँटच्या कमरेत घालतात ती काळी फीत त्यांनी बोळभर फरशीवर चिकटवली. ती ताईच्या खुर्चीपर्यंत जायची आणि वळसा घेऊन परत यायची. डाव्या डोळ्याला काळं दिसलं की डावं चाक थांबावं, उजव्याला दिसलं की उजवं. म्हणजे फीत कायम दोन डोळ्यांच्या मधोमध राहते. शाळेतल्या त्या पोराने हे असं सांगितलं होतं.

मास्तरांनी तारा जोडल्या आणि बटण दाबलं. रोबो ढिम्म. त्यांनी त्याला पुढे ढकललं, बाजूला ढकललं, शिव्या दिल्या. शेवटी तो घरंगळत कटिंगच्या टेबलाखाली गेला, आणि तिथे अंधार लागताच जिवंत होऊन गरगर फिरायला लागला. डोळे मुळात दिव्यांचे. अंधार दिसला की चालू व्हायचं, उजेड दिसला की बंद, हेच त्यांना ठाऊक.

"काय पडलं रे?" ताई आतून ओरडली.

"काही नाही. उंदीर आहे!"

"मग त्या उंदराला म्हणावं, टेबल तरी ठेव!"

मास्तरांनी तारा उलट्या जोडल्या.

पहिल्यांदा तो ताईच्या खोलीत शिरला तेव्हा ताई बटण लावत होती. तिने वर पाहिलं. बिनमुंडक्याचा एक माणूस चहा घेऊन अंधारातून येत होता.

"अगं आई गं! अरे, कोण आहे हा?"

"घाबरू नकोस, मीच केलाय!" मास्तर बोळातून ओरडले.

"म्हणून तर घाबरले!"

खुर्चीपुढे काळ्या कापडाचा एक चौकोन चिकटवला होता. दोन्ही डोळ्यांना काळं दिसलं, दोन्ही चाकं थांबली. बशीत तळं झालं होतं, पण कपात अजून चहा होता. ताईने तो प्यायला. मग काही काम नसल्यासारखं तिने त्याला न्याहाळलं.

"आता हा जायचा कसा?"

"मागून ढकल. चौकोनावरून उतरला की निघेल."

"हात पोचत नाही माझा."

एव्हाना आत आलेल्या मास्तरांनी खिडकीच्या गजाकडे पाहिलं. ताईनेही पाहिलं. मग तिने काठी काढली आणि त्याच्या पाठीत घातली. तो निमूटपणे वळसा घेऊन दुकानाकडे निघाला. ताईच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. घरात रागवायला हक्काचं माणूस मिळालं होतं.

तिने त्याचं नाव गडी ठेवलं. गडी शर्ट घेऊन जायचा, गडी शर्ट घेऊन यायचा. कधी ट्रेवर अर्धवट काजाचा शर्ट परत यायचा आणि मागोमाग आवाज: "खडू दिसत नाही मला! काजाची खूण कोण करणार, शेजारी?" गडी वेळेत आला नाही तर मास्तर टेप गळ्यात, कात्री हातात, तसेच पळत सुटायचे. एकदा असे धापा टाकत पोचले, तर ताईची डुलकी लागली होती.

"सुखाने झोपू पण देणार नाहीस का?" ती म्हणाली. पण तिला बरं वाटलं होतं. ते मास्तरांना कळलं, कारण त्या दिवशी तिने त्यांच्या टाक्यांवरून एकदाही टोमणा मारला नाही.

भाचा यायचा रविवार जवळ आला. गडी रोज बिनचूक चालत होता. मास्तरांनी मनाशी ठरवलं होतं. भाच्याला काही बोलून दाखवायचं नाही. नुसतं आईजवळ बसवायचं आणि गड्याबरोबर चहा पाठवायचा. तो बघेल. त्याचा तो समजेल.

"त्याच्यासमोर हा असा येणार?" ताई आदल्या दिवशी म्हणाली. "उघडा? कुशीतून कापूस लोंबतोय. वायरी बाहेर."

"त्याला काय होतंय?"

"त्याला नसेल लाज. मला आहे."

रविवारी सकाळी मास्तरांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि कोट शिवायला बसले. फळीवर निळ्या कापडाचा तुकडा पडून होता, भाच्याच्या शाळेच्या वेळचा. पुतळ्याचं माप तर तोंडपाठ. कोट खणापर्यंत लांब करायचा, म्हणजे वायरी झाकल्या जातील. हात सवयीने चालत राहिले. बाह्या नव्हत्याच, म्हणून तिथलं कापड वाचलं. खाली मात्र चार बोटं आत दुमडून ठेवली.

ती दुमड शिवायला एरवी ताईकडे गेली असती. पण कोट तिला आधी दाखवायचा नव्हता. आणि पाठवणार कुणाबरोबर? ज्याचा कोट त्याच्याच बरोबर? म्हणून मास्तरांनी सुई घेतली आणि स्वतःच धावदोरा घातला. लांब लांब टाके. ताईच्या हाताखालून न जाता दुकानातून निघालेला हा कित्येक वर्षांतला पहिला कपडा.

भाचा दुपारी आला. अंगाने चांगलाच भरला होता. शर्टाची पोटावरची बटणं जीव मुठीत धरून होती. त्याने वाकून नमस्कार केला आणि खिशातून तिकिटं काढून पाहिली. दोन होती.

"संध्याकाळची गाडी आहे, मामा. आईची बॅग भरली का?"

"तू आत बस आईजवळ. चहा पाठवतो."

"पाठवता? मीच नेतो की."

"तू बस रे."

भाचा आत गेला. मास्तरांनी गड्याला कोट चढवला. निळ्या कोटात तो एकदम खानदानी दिसायला लागला. ट्रेवर दोन कप ठेवले आणि हळूच ढकललं. गडी निघाला. कोटाचा घेर खणाच्या काठावर सळसळत होता. मास्तर बोळाच्या तोंडाशी श्वास रोखून उभे राहिले.

अर्ध्या बोळात धावदोऱ्याचं लोंबतं टोक चाकात अडकलं. चाकाने ते गुंडाळून घेतलं. टर्रकन टाके सुटत गेले आणि दुमडलेलं चार बोटं कापड पडद्यासारखं डोळ्यांवर उतरलं. गड्याला सगळीकडे काळंच काळं. दोन्ही चाकं थांबली.

ताई पडली होती, बरोबर तिथेच.

मास्तर धावले. गुडघ्यावर बसले. खणाच्या मागे हात घालून बॅटरीची तार चाचपली, मोटरीची चाचपली. सगळं जागच्या जागी होतं. कोटाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. आपण बेतलेल्या कपड्यात खोट असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

भाचा खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. त्याने बिनमुंडक्याच्या कोटाकडे पाहिलं, थरथरणाऱ्या कपांकडे पाहिलं, जमिनीवर बसलेल्या मामाकडे पाहिलं.

"मामा, हे काय आहे?"

"गडी आहे तो," ताई आतून म्हणाली.

"रोज चालतो," मास्तर म्हणाले. "आत्ताच काय झालं कळत नाही. रोज चालतो, विचार तिला."

"मामा." भाचा हळू आवाजात बोलला. "तुम्ही खूप केलंत. पण आईला ह्याच्या भरवशावर नाही ठेवता येणार. उठा. मी बॅग भरतो."

मास्तरांच्या हातात तार होती. ती त्यांनी उगीचच पुन्हा खोचली.

तेवढ्यात फरशीवर काठीचा आवाज आला. एक. मग थोड्या वेळाने दुसरा.

"बाजूला हो," ताई मुलाला म्हणाली.

एक हात भिंतीवर, दुसरा काठीवर. ती बोळात आली. मुलाकडे तिने पाहिलं नाही. मास्तरांकडेही नाही. ती कोटाच्या खालच्या काठाकडे बघत होती.

"हा टाका कुणी घातला?"

मास्तर आणखी एक तार चाचपायला लागले.

"हा टाका माझा नाही. कुणी घातला?"

"मी. तुला दाखवायचा नव्हता म्हणून..."

"दाखवण्यासारखा आहे का? टाका आहे की कुंपण? ह्यातून बकरी जाईल!" ती आणखी एक पाऊल पुढे आली. "आणि चार बोटं दुमड कशाला? डोळ्यांवर आलीय त्याच्या. बिचारा आंधळा करून ठेवलास आणि वायरी उपटतोयस!"

मास्तरांनी पहिल्यांदाच कोटाकडे पाहिलं. "अरेच्चा," ते म्हणाले.

"मला वाकता येत नाही. तू धर रे," ताईने मुलाला फर्मावलं. "कोट वर धर, बघतोस काय!"

भाचा गुडघ्यावर बसला आणि त्याने कोटाचा काठ उचलला. गड्याला फीत दिसली. तो तडक निघाला. "सोडू नकोस!" ताई ओरडली. भाच्याने सोडला नाही. नवऱ्या मुलीचा शेला धरावा तसा कोट धरून तो गुडघ्यांवर रांगत गड्यामागे खोलीत शिरला. वाटेत त्याच्या पोटावरचं एक बटण तुटलं आणि टणटणत पलंगाखाली गेलं. गडी चौकोनावर थांबला. चहा बहुतेक बशीत होता. मागोमाग काठी टेकत ताई आत आली.

भाचा तसाच बसून राहिला. कोटाचा काठ त्याच्या हातात होता. त्याने कापड बोटांनी चाचपलं, त्याचा रंग पाहिला.

"हे माझ्या शाळेचं आहे."

"उरलं होतं," मास्तर दारातून म्हणाले.

"मामा, मला एक सांगा." भाच्याने तोंड शक्य तेवढं गंभीर ठेवलं. "हा वाढणार आहे का?"

ताई आधी हसली. भिंतीला टेकून, काठी पोटाशी धरून हसली. मग भाचा हसला. "सवय रे," मास्तर कानकोंडे होऊन म्हणाले. "पोरं मला तंबू म्हणायची, मामा," भाचा म्हणाला, "तीन वर्षं!"

मग त्याच्या लक्षात आलं. आई उभी होती. बोळातून जाऊन आली होती.

"आई, तू चाललीस की! मग तर प्रश्नच मिटला. तिकडे आता आरामात राहशील."

मास्तर दारातून पुढे झाले. ह्या बाजूने त्यांनी विचारच केला नव्हता.

ताई खुर्चीत बसली. काठी तिने गजाला टांगली नाही, मांडीवर आडवी ठेवली. "तिकडे मी काय करू?"

"आराम कर."

"तो इथे करून झाला. कंटाळा आला." तिने काठीचं टोक मास्तरांकडे केलं. "माझ्याशिवाय हा माणूस टाका घालतो तेव्हा काय होतं, बघितलंस ना? शाळा उघडायला आल्यात. भर प्रार्थनेत पोरांच्या पँटी सुटतील. कोण जबाबदार?"

"आणि तू परत पडलीस तर?"

ताईने काठीचं टोक खाली घेतलं.

"पडली तर गडी परत येणार नाही," मास्तर म्हणाले. "तो परत आला नाही की मी येतो. मला ऐकू यावं लागत नाही. तेव्हा ऐकू आलं नव्हतं. म्हणून तर केला."

एवढं लांब ते भाच्याशी कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर ते चहाच्या बश्या उचलायला लागले.

"शर्ट काढ," ताई मुलाला म्हणाली. "बटण लावते. पलंगाखालून आण आधी."

थोड्या वेळाने भाचा बनियनवर दुकानात येऊन बसला. कोट आत ताईपाशी राहिला होता, उघडा गडी एकटाच परत आला होता. मास्तरांनी त्याच्या ट्रेवर शर्टाच्या रंगाचा समजून एक दोरा ठेवला आणि त्याला पुन्हा पाठवला. दोघं बोळाकडे बघत बसले.

गडी येईना.

भाच्याने मामाकडे पाहिलं. मामा आधीच उठून उभे होते. त्यांनी चपलाही घातल्या नाहीत. ते बोळात शिरणार, तेवढ्यात अंधारातून ट्रे दिसला. ट्रेवर शर्ट, शर्टावर दोऱ्याचं रीळ. मागून आवाज: "दोरा निळा धाडलास! शर्ट करडा आहे! डोळे तपासून घे!"

भाच्याने रीळ हातात घेऊन बघितलं, मग गड्याकडे, मग मामाच्या अनवाणी पायांकडे. त्याने खिशातून फोन काढला.

"नाही, मी एकटाच येतोय," तो बायकोला म्हणाला. "आई? नाही जमणार तिला. तिला कामं आहेत." तिकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही गं, बरी आहे. भांडतेय."

मास्तर तोवर त्याचा शर्ट उजेडात धरून कडेची शिवण बघत होते.

"पोटाशी आवळतोय तुला. बाजूने सोडू का जरा?"

"कापड आहे का आत?"

मास्तरांनी शिवण उलटी करून दाखवली. आतलं जादा कापड तसंच कोरं होतं.

"मीच शिवलाय ना," ते म्हणाले, आणि करडा दोरा शोधायला लागले.